एपी थोल आणि सैल गाठ

व्हिनहेवन या आमच्या मासेमारीच्या गावात आडनाव असून नसल्यासारखं. घरं एकशे दहा, त्यातली नव्वद एकतर मेअरांची नाहीतर फ्लेटांची. नावंही तीच ती, आजीचं नातीला आणि आजोबांचं नातवाला. पोस्टमनच्या थैलीत चार एपी मेअर आणि सहा सँडी फ्लेट एकाच वेळी निघत. म्हणून गाव प्रत्येकाला एक जोडनाव देतं. ते बारशाला मिळत नाही. हातून काहीतरी घडावं लागतं, आणि बहुधा ते फजितीचंच असतं. हॅरिएट नावाची बाई दूर दक्षिणेच्या केंटहून इथे राहायला आली आणि पहिल्याच महिन्यात ओहोटी बघून बंदराच्या उतारावर गाडी लावून चहा प्यायला गेली. भरती आपल्या वेळेवर आली. तेव्हापासून ती हॅरिएट भरती. तिला हा आपला सन्मान वाटला, आणि एका अर्थी तो होताही.

एपी मेअरचं जोडनाव थोल.

थोल हा आमच्याकडचा फार जुना शब्द. शाळेतल्या इंग्रजीत तो सापडत नाही, पण घराघरात आहे. दाढ दुखते? थोल. नवरा पिऊन येतो? थोल, बाई, थोल. सोसणं म्हणजे थोलणं आणि खपवून घेणं म्हणजेही थोलणंच. या दोन्हींत फरक आहे हे आमच्या पूर्वजांच्या ध्यानात आलं नसावं, किंवा येऊनही त्यांनी ते बायकांना सांगितलं नसावं. जो थोलतो तो जिंकतो अशी म्हण आहे. असा जिंकलेला एखादा दाखवा म्हटलं, की लोक हवापाण्याबद्दल बोलायला लागतात.

शिवाय वल्ह्याच्या बोटीच्या कडेवर लाकडी खुंट्या ठोकलेल्या असतात, ज्यांच्या आधारानं वल्हं ओढायचं, त्या खुंटीचं नावही थोलच. एपीचे वडील अशा खुंट्या करत, आणि सत्तराव्या वर्षी एपीही करत होती. त्यामुळे उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना वाटायचं, हिचं नाव खुंट्यांवरून पडलं. हॅरिएटसारख्या नव्या रहिवाशांना वाटायचं, बाईनं आयुष्यभर पुष्कळ सोसलं असणार म्हणून पडलं. जुन्या लोकांना खरं काय ते ठाऊक होतं, आणि ते कोणाला सांगत नसत.

खरं नाव पडलं ते कोर्टात.

एकोणीसशे बासष्टचा जानेवारी, आणि वार रविवार. रविवारी आमच्या बोटी समुद्रात जात नाहीत आणि माणसं चर्चमध्ये जातात. बावीस वर्षांची एपी मात्र गेली नव्हती. आदल्या आठवड्यात पाद्रीबुवांनी ओठांना रंग लावणाऱ्या मुलींवर प्रवचन दिलं होतं. एपीनं ते मनावर घेतलं होतं, म्हणजे चर्चला जाणं बंद केलं होतं. ती ओठ रंगवून धक्क्यावर फिरायला गेली.

वारा फारसा नव्हता, पण ईशान्येकडून समुद्र फुगून आला होता. बंदराच्या तोंडातून पाणी आत घुसायचं आणि ओढ घेत परत जायचं. जेम्स फ्लेटची साठ फुटी मासेमारी बोट फेथफुल अ‍ॅनी आतल्या धक्क्याला बांधलेली होती. ती तिथे बांधू नये म्हणून एपीनं पंधराच दिवसांपूर्वी भर मासळीबाजारात जेम्सशी भांडण काढलं होतं, कारण अ‍ॅनीच्या मागेच पाच छोट्या होड्या असत आणि त्यातली चौथी तिच्या वडिलांची होती. एपी पोचली तेव्हा अ‍ॅनीचा मागचा दोर तुटला होता. प्रत्येक लाटेसरशी तिचं बूड फिरून होड्यांवर येत होतं. पहिली होडी फुटली होती, दुसरी फुटत होती.

पुढचा दोर धक्क्यावरच्या लोखंडी कडीला होता. गाठ उत्तम होती. जेम्सच्या मुलानं, सँडीनं, शनिवारी संध्याकाळी मारलेली. चर्चपर्यंत धावत जाऊन माणसं आणायला दहा मिनिटं लागली असती, आणि तेवढ्यात पाचही होड्यांचं सरपण झालं असतं. एपीनं गुडघे टेकले. दोन लाटांच्या मध्ये दोर जरा ढिला पडे, तेवढ्या वेळात ती गाठीत बोटं खुपसायची. गाठ सुटली तेव्हा तिची चार नखं मोडली होती. मोकळी झालेली अ‍ॅनी समोरच्या वाळूवर जाऊन बसेल असा तिचा अंदाज होता. बंदरावर वाढलेल्या कोणीही तोच केला असता. पाण्याचा बेत मात्र वेगळा होता. ओढीनं अ‍ॅनीला सरळ बंदराच्या तोंडातून बाहेर नेलं आणि खडकांवर आपटलं. चर्च सुटलं तेव्हा तिची डोलकाठी तेवढी दिसत होती.

तीन होड्या वाचल्या. चौथी त्यातलीच.

मार्चमध्ये शेरीफच्या कोर्टात खटला उभा राहिला. आरोप, जाणूनबुजून केलेलं नुकसान. एपीला कोणी पाहिलं नव्हतं, पण भांडण सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि चर्च चुकवणारी मुलगी म्हणजे अर्धी गुन्हेगार झालेलीच असते. वकिलानं एपीला गप्प बसायला सांगितलं. मग त्यानं सँडीला साक्षीला उभं केलं. गाठ तूच मारलीस? अंधार पडत आला होता? नाचाला जायची घाई होती? बावीस वर्षांचा सँडी तिन्ही वेळा हो म्हणाला, कारण तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मग वकिलानं विचारलं, गाठ पक्की होती अशी शपथ घेशील? सँडी गप्प राहिला. गाठ कशी होती हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकाची आता खात्री उरली नव्हती. दुसरी समोर हातमोजे घालून बसली होती.

पंधरा पंचांनी निकाल दिला, सिद्ध झालेलं नाही. आमच्या कायद्यात दोषी आणि निर्दोष यांच्यामध्ये अशी एक तिसरी जागा होती. तिचा अर्थ गावात असा सांगतात की तू ते केलं नाहीस, आणि परत करू नकोस. बाहेर येऊन वकील म्हणाला, झालं, या मुलीनं आपला खटला थोलला. कायद्याच्या पुस्तकातही हाच शब्द आहे. एकदा खटला थोलला, की त्याच गोष्टीसाठी माणसाला परत कोणी उभं करू शकत नाही. परतीच्या बसमधून ते वाक्य गावात आलं आणि एपी मेअरची एपी थोल झाली. त्याच बसमध्ये सँडीलाही नाव मिळालं. सँडी लाऊस. लाऊस म्हणजे सैल.

जेम्स फ्लेट दुसऱ्याच्या बोटीवर हाताखाली राबायला गेला. त्यानंतर तो सव्वीस वर्षं जगला आणि त्यानं मुलाला परत कधी दोराला हात लावू दिला नाही. सँडीनं रंगाचा डबा धरला. घरं रंगवायची, आणि बोटींवर नावं घालायची. त्याचं अक्षर असं, की बारा मैलांवरच्या बंदरातूनही त्याला बोलावणं येई. पण बोट रंगवून झाल्यावर तो तिचा दोर तीनदा बघायचा, आणि बघणारे हसायचे.

आता कोणाला वाटेल, एपीनं मान खाली घालून दिवस काढले. छे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती लाल कोट घालून मुख्य रस्त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि पोस्टातून एक तिकीट घेऊन परत आली. कोणाला पत्र लिहायचं नव्हतं. नंतर मासे कापायच्या कारखान्यात तिनं एकतीस वर्षं काढली. तिच्या सुरीखालून हॅडक मासा गेला की काट्याला मांस दिसत नसे. एकदा लग्नही जमत आलं होतं. तो भला माणूस म्हणाला, तू काय केलंस ते मला जाणून घ्यायचं नाही. ज्याला जाणूनच घ्यायचं नाही असा नवरा एपीला नको होता.

तिला परत पकडतील ही भीती नव्हती. कायदा तिला पाठ होता. पहिल्या वर्षी तिनं ठरवलं, सँडीनं विचारलं की सांगायचं. त्यानं विचारलं नाही. मग जेम्स होता, आणि जेम्सच्या तोंडावर बोलायची तिची छाती झाली नाही. जेम्स गेला तेव्हा सव्वीस वर्षं उलटली होती, आणि आता सांगायचं म्हणजे सव्वीस वर्षं का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं. माणूस असंच अडकतं. रोज थोडं थोडं.

गावानं तिला वाळीत वगैरे टाकलं नाही. दुकानात बोलत, आजारपणात सूप पाठवत. एकच गोष्ट केली नाही. नव्या वर्षाच्या दिवशी घरात पहिलं पाऊल बाहेरच्या माणसाचं पडावं लागतं, काळ्या केसांच्या पुरुषाचं, हातात कोळसा घेतलेलं. मग वर्ष सुखाचं जातं. लाल केसांचा आला तर वाईट, बाई आली तर त्याहून वाईट. बासष्टपर्यंत सँडी फ्लेट हे गावातलं सर्वांत काळं डोकं होतं. एक जानेवारीला त्याला पंचवीस घरांतून बोलावणं असे, आणि संध्याकाळी त्याला उचलून घरी आणावं लागे. बासष्टनंतर त्याला कोणी बोलावलं नाही. ज्याच्या हातून बोट निसटली, त्याच्या हातचं नशीब कोणी घ्यावं? आणि एपीच्या उंबऱ्यावर कोणी गेलं नाही. मग एपीनं आपली सोय आपण केली. एक जानेवारीला सकाळी ती कोळशाचा खडा घेऊन मागच्या दारानं बाहेर पडायची, बोळातून वळसा घालून पुढच्या दाराशी यायची आणि स्वतःच पहिलं पाऊल टाकायची. आत गेल्यावर स्वतःला नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायची आणि व्हिस्कीचा एक घोट. तिला यात काही वाईट वाटत नसे. दार लावताना तेवढं जरा वाटे.

दोन हजार दहा साली गावानं वल्ह्याची बोट बांधायला घेतली. किनाऱ्यावरची बाकीची गावं बांधत होती, त्यांच्या शर्यती लागणार होत्या, मग आपणच का मागे? जुन्या मासळीच्या शेडमध्ये हॅरिएट भरतीच्या पुढाकारानं काम सुरू झालं. खुंट्यांसाठी एपीला बोलावणं आलं आणि रंगासाठी सँडीला. बोट मध्ये, एपी या बाजूला, सँडी त्या बाजूला. हवा गार आहे यापलीकडे दोघांचं बोलणं झालं नाही. पण अठ्ठेचाळीस वर्षांत प्रथमच एपीला रोज सकाळी अशा ठिकाणी जायचं होतं, जिथे तिच्या नावाचा चहाचा मग खिळ्याला टांगलेला होता. ती घरी सूप ढवळतानाही शेडचाच विचार करू लागली होती.

एकदा हॅरिएटनं विचारलं, खुंट्या लोखंडाच्या का करत नाही? लाकडाच्या सारख्या मोडतात.

"कर की लोखंडाच्या," एपी म्हणाली. "मग काय मोडेल?"

"काहीच नाही."

"बोटीची कड मोडेल. नाहीतर तुझं मनगट. लाट आली की काहीतरी मोडणारच आहे बाई, ते स्वस्तातलं मोडू दे. खुंटी मिनिटात दुसरी ठोकता येते."

हे तिच्या वडिलांचं शास्त्र. खुंटीचं लाकूड बोटीपेक्षा मुद्दाम कच्चं घ्यायचं. जी खुंटी काहीही झालं तरी मोडत नाही, ती खुंटी नव्हे, ते संकट, असं ते म्हणायचे. एपी हे सगळ्यांना शिकवायची आणि शिकवताना बोटीच्या पलीकडे बघायची नाही.

पलीकडे सँडी साधी ताडपत्री बांधायची असली तरी तीन गाठी मारायचा. पोरं म्हणायची, लाऊस, बोट निघाली का कुठे? सँडी हसायचा. कारखान्यात असताना एपीला ते हसणं लांबून, कधीमधी ऐकू यायचं. आता रोज चार हातांवरून ऐकू येत होतं. ते हसणं कसलं आहे ते तिला पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि रात्रीचं जेवण तिला जाईनासं झालं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी नाव ठरवायची सभा भरली. शेडमध्ये अकरा माणसं, चहा आणि गरम बटरी, म्हणजे आमच्याकडचे चपटे खारे पाव. बोट तयार होती, पुढच्या भागावर निळ्या रंगात नावापुरती जागा कोरी ठेवलेली. हॅरिएट उभी राहिली. तिनं शब्दकोश बघितला होता. बोटीचं नाव थोल ठेवावं असं तिनं सुचवलं. जुना, इथल्या मातीतला शब्द. धीर, सहनशक्ती, क्षमा. आणि आपल्यामध्ये अशी एक व्यक्ती आहे, जिनं हा शब्द चकार शब्द न काढता जगून दाखवला.

टाळ्या झाल्या. जुन्या मंडळींनी चहाच्या मगात बघितलं. एपीला कळत होतं की आता फक्त गप्प बसायचं आहे, आणि त्यात ती तरबेज होती. बोटीवर नाव लागेल, खिळ्यावरचा मग राहील. तेवढ्यात मागून कोणीतरी सँडीला म्हणालं, इंग्रजीत पाचच अक्षरं आहेत रे लाऊस, निसटू देऊ नकोस.

सँडी हसला.

"गाठ सैल नव्हती," एपी म्हणाली.

ती बसूनच बोलली. हॅरिएटला वाटलं ती ताडपत्रीबद्दल बोलते आहे.

"तुझी गाठ सैल नव्हती, सँडी. तशी गाठ मी नंतर कुठे बघितली नाही. मी सोडली ती. चार नखं मोडली माझी. कोर्टात हातमोजे घातले होते ते त्यासाठी."

एपीनं सगळं सांगितलं, तुटलेला मागचा दोर, फुटणाऱ्या होड्या, वाळूचा अंदाज. ती हॅरिएटला समजावं म्हणून सांगत होती आणि बघत सँडीकडे होती. चौथी होडी वडिलांची होती हेही तिनं वगळलं नाही. ती तिथे नसती तरी तू गाठ सोडली असतीस का, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं. एपीनं विचार केला आणि ती म्हणाली, सोडली असती, पण जरा उशिरा.

"मग बोलल्या का नाहीत?" हॅरिएट म्हणाली. तिचा आवाज दुखावलेला होता. "इतकी वर्षं?"

"आधी वकिलानं गप्प बस म्हटलं म्हणून. मग गप्प बसणं अंगवळणी पडलं म्हणून. तुझ्या शब्दकोशात सोसणं आणि खपवून घेणं दोन्हींना थोलच म्हणतात, पण ते एक नव्हे. मी नुसतं खपवून घेत होते, माझं मलाच. सोसत होता तो हा."

सँडीच्या हातात रंगाच्या डब्याचं झाकण होतं.

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

त्यानं झाकण डब्यावर ठेवलं, अंगठ्यानं चारी बाजूंनी नीट दाबलं, टोपी घेतली आणि तो निघून गेला.

सभा तशीच मोडली. हॅरिएटनं नावाचं नंतर बघू असं कागदावर लिहिलं. दोन बायकांनी एपीच्या शेजारच्या आपल्या खुर्च्या लांब सरकवल्या. एपी घरी आली तेव्हा तिला वाटलं होतं तसं हलकं वगैरे काही वाटलं नाही. मोठ्यानं रडावंसं वाटलं, म्हणून ती रडली, आणि मग तिनं बटाटे सोलले. सोमवारी सकाळी ती वेळेवर शेडमध्ये हजर. हाकललं तर जायचं, आपण होऊन नाही, असं तिनं ठरवलं होतं. कोणी हाकललं नाही. तिचा मग खिळ्यावर होता. तिनं पाणी तापवलं आणि खुंट्या तासायला बसली.

सँडी आला नाही. पाच आठवडे बोटीच्या नाकाडावरची निळी जागा कोरी राहिली. दुसऱ्या कोणी नाव घालायचा विषयही निघाला नाही. गावात मात्र एक भलताच घोटाळा झाला. सँडीला लाऊस म्हणायची आता कोणाची जीभ वळेना. खाटकाच्या दुकानात लोक नुसतं सँडी म्हणत, आणि मग कोणता सँडी ते कोणाला कळेना. एका सँडीची औषधं दुसऱ्याकडे गेली. पोस्टमन म्हणाला, याला लवकर काहीतरी नवं नाव द्या, नाहीतर पत्रं समुद्रात टाकतो. या सगळ्यावर एपी एकदा खळखळून हसली, आणि मग तिला वाटलं, आपण हसायचं नव्हतं.

एक जानेवारीला उजाडलं नऊला. रात्री बर्फ भुरभुरलं होतं. एपीनं नेहमीसारखा कोळशाचा खडा कागदात गुंडाळला, मागच्या दारानं बाहेर पडली आणि बोळातून वळसा घालून पुढच्या दाराशी आली.

पायरीवर सँडी फ्लेट उभा होता. चर्चचा कोट, हातात टोपी, एका काखेत काळ्या केकचा डबा आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्राची पुडी. त्याच्या बुटांभोवतीचं बर्फ वितळून गेलं होतं.

"कधीचा उभा आहेस?"

"साडेआठपासून. वाजवू की नको ठरेना. मग वाजवलं, तर कोणी उघडेना."

"आत कोण असणार? मी बाहेर होते."

सँडीनं तिच्या हातातल्या कागदाकडे बघितलं, मग आपल्या हातातल्या. त्याला समजायला थोडा वेळ लागला.

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"बाई आधी आत गेली तर घराला वाईट असतं म्हणतात."

"अठ्ठेचाळीस वेळा गेले. छप्पर एकदाच गळलं."

तो हसला नाही. एपीला ते बरं वाटलं. तो म्हणाला, बाबांच्या थडग्यावर जाऊन सांगून आलो.

"काय म्हणाले?"

"जिवंतपणी बोलायचे तेवढंच." त्यानं टोपी या हातातून त्या हातात घेतली. "मला तुझा राग आहे एपी. तो जाईल की नाही सांगता येत नाही."

"असू दे. माझ्याच वाट्याचा आहे तो, जायचा तेव्हा जाईल."

"तुझा एकदा खटला झाला आणि संपला. माझा रोज होत होता. दुकानात, धक्क्यावर, आणि जेवताना बाबांच्या समोर."

"ठाऊक आहे," एपी म्हणाली.

"बोटीवर नाव घालतो सोमवारी," सँडी म्हणाला. "थोलच घालतो. पण तुझ्यासाठी नाही. खुंटीसाठी."

"मी कुठे मागितलं होतं माझ्यासाठी?"

मग दोघंही दाराकडे बघत राहिले. घर रिकामं होतं, आणि नवं वर्ष अजून आत गेलेलं नव्हतं. सँडीनं डोक्यावरून हात फिरवला. पंचवीस घरांत मिरवलेलं ते काळं डोकं आता पायरीवरच्या बर्फाहून पांढरं होतं.

"काळ्या केसांचा लागतो," तो म्हणाला.

एपीनं आपला खडा कोटाच्या खिशात टाकला, दार ढकललं आणि ती बाजूला सरकली.

"कोळसा तर काळा आहे ना? जा आत."

सँडीनं पायपुसण्यावर पाय पुसले, एकदा, दोनदा, तीनदा, आणि तो आत गेला.